लोहाच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या घरात कुठे ठेवाल?



मंठ्याच्या वस्त्यांमध्ये घरोघरी फिरताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : "ताई, दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या कुठे ठेवल्यात?" मग कुणी गॅसच्या शेगडीवरच्या फळीकडे बोट दाखवते, कुणी खिडकीकडे, कुणी टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेल्या पिशवीकडे. एखादी आजी उशीखालून पाकीट काढते. बऱ्याच घरांत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखालची फळी हीच औषधांची जागा असते, कारण घरातली ती सर्वांत स्वच्छ आणि मानाची जागा. पण त्याच फळीवर रोज मेणबत्ती आणि अगरबत्ती पेटते.

गोळ्या खाव्यात की नाही, यावर आपल्याकडे खूप बोलले जाते. त्या ठेवायच्या कशा, हे मात्र कुणी सांगत नाही. दवाखान्यात गर्दी असते, गोळ्या हातात पडतात आणि बाई घरी येते. नीट न ठेवलेली गोळी दोन प्रकारे नुकसान करते. एक तर ती खराब होते आणि खाऊनही पुरता फायदा होत नाही. दुसरे नुकसान फार मोठे आहे. ती गोळी खेळत्या लेकराच्या हाती लागते. म्हणून यावेळच्या आरोग्य पानावर एवढाच विषय घेतला आहे.

आपल्या घरात कोणत्या गोळ्या असतात?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० लेकरांपैकी जवळजवळ ६९ लेकरांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे आकडे ४८ आणि ५४ होते. म्हणजे प्रश्न कमी न होता वाढला आहे. २०१८ पासून 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमाखाली सरकारी दवाखाना, अंगणवाडी, शाळा आणि आशाताई यांच्यामार्फत लोहाच्या गोळ्या फुकट दिल्या जातात. त्या अशा ओळखा :

* लाल गोळी : गरोदर आणि बाळंतीण बाईसाठी. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस.
* निळी गोळी : १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींसाठी, आठवड्याला एक. लोह लाल गोळीइतकेच असते.
* गुलाबी गोळी : ५ ते ९ वर्षांच्या लेकरांसाठी, आठवड्याला एक. यात ४५ मिलिग्रॅम लोह असते.
* लोहाचे पातळ औषध : सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळासाठी, आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. ५० मिलिलिटरची बाटली असते.
* कॅल्शियमची गोळी : गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज दोन. बाळंतपणानंतरही सहा महिने. यात ड जीवनसत्त्वही असते.

याशिवाय दुकानातून आणलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, 'बी कॉम्प्लेक्स', 'क' जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, 'ड' जीवनसत्त्वाची पुडी, 'ताकदीची पावडर' असे बरेच काही घरात असते.

आता हिशोब करा. गरोदर बाईच्या घरात लाल गोळ्या सहा महिने आणि पुढे आणखी सहा महिने असतात. बाळाची बाटली आठवड्याला दोन मिलिलिटर वापरली, तर जवळजवळ सहा महिने पुरते. एवढ्या काळात एक उन्हाळा किंवा एक पावसाळा त्या गोळ्यांवरून जातोच. दवाखान्यात औषधाची खोली वेगळी असते. आपल्या घरात ती काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

गोळीचे चार शत्रू

उष्णता. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर '३० अंशांखाली ठेवा' असे लिहिलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंशांच्या वर पारा जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर अंग भाजून निघते. उष्णतेने जीवनसत्त्वांचा जोर हळूहळू कमी होतो. मऊ कॅप्सूल विरघळून एकमेकींना चिकटतात. तेलातली जीवनसत्त्वे, म्हणजे 'अ' आणि 'ड', खवट होतात.

ओल. ओल ही उष्णतेपेक्षाही वाईट. साखरेचे आवरण असलेली गोळी ओल धरली की चिकट होते, तिच्यावर डाग पडतात, तडे जातात. 'क' जीवनसत्त्वाची गोळी पिवळी-तपकिरी होते. स्वयंपाकाची वाफ, न्हाणीतली ओल, पावसाळ्यात गळणारा पत्रा, ओल धरलेली भिंत आणि ओले हात, या सगळ्यांतून ओल गोळीपर्यंत पोचते.

उजेड. 'अ' जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड, 'बी-२' आणि 'बी-१२' यांना उजेड सोसत नाही. औषधाच्या बाटल्या तपकिरी रंगाच्या का असतात, याचे उत्तर हेच. खिडकीत ठेवलेली बाटली रोज ऊन खाते.

हवा. झाकण उघडे राहिले, गोळ्या पाकिटातून काढून वाटीत ठेवल्या की हवा लागते आणि हवेबरोबर ओलही येते. म्हणून गोळी खायच्या वेळीच पाकीट फोडायचे. आठवड्याच्या गोळ्या एकदम काढून ठेवायच्या नाहीत.

पत्र्याच्या घरात जागा कुठे शोधायची?

पुस्तकात लिहिलेले असते : औषध थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी आणि मुलांच्या हाताला न येईल असे उंच ठेवा. पक्क्या सिमेंटच्या घरात हे सोपे आहे. पत्र्याच्या एका खोलीत अडचण येते. गरम हवा वर चढते, म्हणून पत्र्याजवळची उंच फळी ही घरातली सर्वांत तापलेली जागा. खाली ठेवावे, तर तिथे लेकराचा हात पोचतो. मग करायचे काय?

आम्ही वस्तीत तीन उपाय सांगतो. तुमच्या घराला जो जमेल तो घ्या.

१. कुलपाची ट्रंक. घरात लोखंडी पेटी असेल, तर ती घट्ट झाकणाच्या डब्यासह औषधांसाठी सर्वांत चांगली जागा. पेटी जमिनीलगत असते, म्हणून ती पत्र्याजवळच्या फळीइतकी तापत नाही. आत अंधार असतो. कुलूप असल्याने लेकराचा धोका टळतो. पेटीखाली दोन विटा ठेवा, म्हणजे जमिनीची ओल चढणार नाही. किल्ली मोठ्या माणसाजवळ असावी. कुलूप लावणार नसाल, तर हा उपाय करूच नका.

२. खुंटीवरची पिशवी. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आतल्या बाजूच्या भिंतीला खिळा ठोका. स्टीलच्या छोट्या डब्यात गोळ्या ठेवून तो डबा कापडी पिशवीत टांगा. ही भिंत चुलीची नसावी, उन्हाची म्हणजे पश्चिमेची नसावी आणि न्हाणीला लागून नसावी. खाली खाट, खुर्ची किंवा पाण्याची टाकी नको. दोन वर्षांचे लेकरू खाटेवर चढते आणि खाटेवरून फळीवर.

३. भिंतीतला कोनाडा. मातीच्या किंवा दगडी भिंतीचे जुने घर असेल, तर तिथला उंचावरचा कोनाडा पत्र्याच्या खोलीपेक्षा थंड राहतो. भिंत ओली नाही ना, हे पावसाळ्यात हात लावून पाहा.

फोटोखालच्या फळीवरच्या गोळ्या तेवढ्या हलवा. ती जागा वंदनेची राहू द्या. मेणबत्तीची आच आणि धूर औषधाला चालत नाही. लेकरेही तिथे फुले वाहायला जातात.

घरात फ्रिज असेल, तर तो लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांसाठी वापरू नका. फ्रिजमधून काढलेल्या थंड पाकिटावर बाहेरची दमट हवा लागून पाणी सुटते. आपल्याकडे लाईट जाते-येते, त्यामुळे हे वारंवार घडते. ज्या औषधावर 'फ्रिजमध्ये ठेवा' असे लिहिले आहे, तेवढेच फ्रिजमध्ये ठेवायचे. तेही दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्यातही नाही.

डबा कसा असावा?

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. बाजारातून नवा आणायची गरज नाही. डबा धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, गार झाल्यावर वापरा. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा :

* गोळ्या त्यांच्याच पाकिटात ठेवा. चार प्रकारच्या सुट्या गोळ्या एका डबीत टाकू नका. रक्तदाबाची गोळी आणि जीवनसत्त्वाची गोळी दिसायला सारखी असू शकते.
* रिकाम्या चॉकलेटच्या, बडीशेपेच्या किंवा मुखवासाच्या डबीत गोळ्या कधीच ठेवू नका. लेकरू ती डबी खाऊची म्हणूनच ओळखते.
* पाकिटाच्या ज्या टोकाला तारीख छापलेली आहे, ते टोक शेवटपर्यंत ठेवा. दुसऱ्या बाजूने गोळ्या वापरा. दुकानदाराने पाकीट कापून दिले, तर नाव आणि मुदतीची तारीख कागदी पाकिटावर लिहून मागा. हे मागायला लाजू नका.
* प्लास्टिकच्या डबीत वरती कापूस असेल, तर डबी उघडल्यावर तो काढून टाका. कापूस ओल ओढतो. आतली लहान पांढरी पुडी मात्र राहू द्या. ती ओल शोषून घेण्यासाठी असते. ती खायची नाही.
* पातळ औषधाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. झाकण पुसून घट्ट लावा. साखरेमुळे मुंग्या येतात, म्हणून बाटली बाहेरूनही पुसा. उघडल्यावर किती दिवस वापरायची हे लेबलवर असते. नसेल तर नर्सताईंना विचारा.
* पावडरच्या डब्यात ओला चमचा घालू नका. डबा चुलीजवळ उघडू नका.

ज्या आईला किंवा आजीला वाचता येत नाही, तिच्यासाठी पाकिटावर खूण करा. लाल गोळीवर चंद्र काढा, म्हणजे रात्री जेवणानंतर. कॅल्शियमवर सूर्य काढा, म्हणजे दिवसा, जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियम एकदम घेतले तर लोह अंगी लागत नाही. दोघांत किमान दोन तासांचे अंतर हवे. चहानेही लोह शोषले जात नाही, म्हणून गोळी चहासोबत घेऊ नका. लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगलेच.

पाकिटावरचे वाचायला शिका

पाकिटावरची अक्षरे बारीक आणि इंग्रजी असतात. घरातली शाळेत जाणारी मुलगी हे काम उत्तम करते. तिला तीन गोष्टी शोधायला सांगा.

पहिली, 'एक्स्पायरी'. इथे बहुधा महिना आणि वर्ष असते. १०/२०२६ लिहिले असेल, तर ते औषध ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. पण ही तारीख पाकीट बंद आणि नीट ठेवले असेल तरच खरी. मे महिनाभर पत्र्याखाली तापलेल्या गोळीला त्या तारखेचा भरवसा देता येत नाही.

दुसरी, 'स्टोअर' या शब्दापुढचा मजकूर. किती अंशांखाली, कोरड्या जागी की उजेडापासून दूर, हे तिथे सांगितलेले असते.

तिसरी, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. हे शब्द दिसले, तर ती वस्तू औषध नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली विकले जाणारे ते पूरक खाद्य आहे. नियमाप्रमाणे त्याच्या वेष्टनावर हे शब्द आणि 'मुलांपासून दूर ठेवा' ही सूचना छापावी लागते. असा डबा घेऊन कुणी दारात आले आणि 'याने साखर बरी होते, सांधे बरे होतात' म्हणाले, तर डब्यावरचे हेच शब्द त्याला वाचून दाखवा. रोजंदारीचे पैसे त्या डब्यावर घालवण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. गोळीची गरज आहे का आणि कोणत्या, ते तिथे कळेल.

लाल गोळी आणि लेकरू

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. आजी-आजोबांना आणि मोठ्या भावंडांनाही.

'शक्तीची गोळी आहे, लेकराने खाल्ली तर काय होते?' असे म्हणू नका. लोह जास्त झाले तर ते विष आहे. लहान लेकरांच्या जीवघेण्या विषबाधांमध्ये लोहाच्या गोळ्यांचे नाव जगभर घेतले जाते. कारण साधे आहे. घरात बाळंतीण असते, म्हणून गोळ्या असतात. त्याच घरात तिचे दोन-तीन वर्षांचे थोरले लेकरू असते. गोळी रंगीत, गुळगुळीत आणि वरून गोड.

हिशोब पाहा. लेकराच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम लोह पोटात गेले की त्रास सुरू होऊ शकतो. ६० मिलिग्रॅमच्या पुढे जिवाला धोका असतो. दहा किलोच्या लेकराने चार लाल गोळ्या खाल्ल्या, तर २४० मिलिग्रॅम लोह झाले. म्हणजे त्रासाची हद्द ओलांडली. दहा गोळ्यांचे एक पाकीट संपवले, तर ६०० मिलिग्रॅम. ही जिवावरची मात्रा आहे. बाळाच्या पातळ औषधात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह असते. ५० मिलिलिटरची भरलेली बाटली कुणी तोंडाला लावली, तर १००० मिलिग्रॅम.

लक्षणे अशी असतात : उलट्या, पोटात दुखणे, जुलाब, कधी उलटीत किंवा शौचात रक्त, लेकरू मलूल पडणे. आणि यात एक फसवी गोष्ट आहे. काही तासांनी उलट्या थांबतात, लेकरू बरे वाटू लागते. घरचे म्हणतात, 'उतरले'. पण आत लोह रक्तात आणि लिव्हरमध्ये पसरत असते. मग एकाएकी लेकरू कोसळते. म्हणून 'बरे वाटतेय' यावर जायचे नाही.

लेकराने गोळ्या खाल्ल्याची नुसती शंका आली तरी हे करा :

१. तोंडातल्या उरलेल्या गोळ्या काढा. तोंड पुसा.
२. उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका.
३. १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालयात न्या.
४. गोळ्यांचे पाकीट आणि उरलेल्या गोळ्या सोबत न्या. किती होत्या, किती उरल्या, किती वाजता खाल्ल्या, हे सांगा.
५. डॉक्टरांनी पुढे पाठवले तर घरी परतू नका. मंठ्यापासून जालना साधारण साठ किलोमीटर आहे. वाटेतला वेळ वाचवायचा, म्हणजे निघायला उशीर करायचा नाही.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा फुकट फोन नंबर १८०० ११६ ११७ हा आहे. तो घराच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मात्र फोनवर बोलत बसण्यासाठी दवाखान्यात जाणे लांबवू नका.

लेकराला औषध देताना 'चॉकलेट आहे, खा' म्हणू नका. औषधाला औषधच म्हणा. मोठ्यांनीही त्याच्यासमोर गोळी मिटक्या मारत खाऊ नये.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाताना

आपल्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बरीच कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांत गरोदर बायाही असतात. कोपीत गोळ्या सांभाळणे घरापेक्षा अवघड. आम्ही एवढेच सांगतो. निघण्याआधी आशाताईंना गाठा, पुरतील तेवढ्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. गोळ्या पाकिटासह आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग घट्ट डब्यात ठेवा. तो डबा कपड्यांच्या पेटीत मधोमध ठेवा. भोवतीचे कपडे ऊन अडवतात. ट्रॅक्टरच्या टपावर, गाडीच्या डिकीत किंवा कोपीच्या प्लास्टिकच्या छताला डबा अडकवू नका. फडात जाताना लेकरे कोपीवरच राहतात, म्हणून पेटीला कुलूप हवेच. गोळ्या संपल्या तर जवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवा. तुम्ही परजिल्ह्यातल्या आहात म्हणून तिथला तुमचा हक्क संपत नाही.

साठवायच्या की खायच्या?

आता साठवणीबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही घरांत गोळ्यांची दहा-दहा पाकिटे निघतात. नीट ठेवलेली, पण न खाल्लेली. कुणी सांगितलेले असते की गोळीने बाळ काळे होते, बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते. हे खरे नाही. शौच काळी होते, ती लोहामुळे. त्यात घाबरण्यासारखे नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या, तरीही थांबली नाही तर नर्सताईंना सांगा. गोळी गुपचूप बंद करून डब्यात भरू नका.

विनयपिटकात एक कथा आहे. स्थविर पिलिंदवच्छ यांच्या भोवतालच्या भिक्खूंना लोकांकडून तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भरपूर मिळू लागली. त्यांनी घागरी भरल्या, पिशव्या भरून टांगल्या. औषध पाझरू लागले, विहारात उंदीर झाले आणि लोक नावे ठेवू लागले. तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला की ही औषधे आजारी भिक्खूने जास्तीत जास्त सात दिवस जवळ ठेवून वापरावीत, त्यापुढे नाही. अन्न, वस्त्र आणि निवाऱ्याबरोबर औषधालाही तथागतांनी भिक्खूच्या चार गरजांमध्ये स्थान दिले. पण त्याच वेळी गरजेपुरते घ्या, वापरा आणि साठा करू नका, हेही सांगितले. आपल्या डब्यासाठीही हाच नियम चांगला आहे. एका वेळी महिनाभराच्या गोळ्या घ्या, त्या संपवा, मग पुढच्या घ्या. उरल्या तर आशाताईंना सांगा.

उरलेल्या गोळ्या शेजारणीला वाटूही नका. कुणाच्या घरी सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह घेणे धोक्याचे आहे. 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी बहुतेक वेळा आठवड्याला एकच असते. ती रोजची समजून खाल्ली तर रक्तातले कॅल्शियम वाढून किडनीवर परिणाम होतो. म्हणून त्या पुडीवर वार लिहा.

खराब गोळी कशी ओळखायची आणि टाकायची?

रंग बदललेला, डाग पडलेले, चिकट झालेली, तडकलेली, भुगा झालेली, पाकीट फुगलेले किंवा फाटलेले, वेगळा वास, बाटलीत गाठी. यातले एकही दिसले तर ती गोळी किंवा ते औषध घेऊ नका. तारीख शिल्लक असली तरी नाही. उलटही लक्षात ठेवा. दिसायला चांगली, पण मुदत संपलेली गोळीही घ्यायची नाही.

अशा गोळ्या नालीत, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. उकिरड्यावर लेकरे खेळतात, शेळ्या फिरतात. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. म्हणजे ती वेगळी ठेवायची. सरकारी गोळ्या उपकेंद्रात परत द्या. बाकीच्या पाकिटातून काढून मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा आणि घंटागाडीला वेगळ्या द्या.

विहारात एक रविवार

वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन होते, सगळ्या वस्तीतल्या बाया जमतात. त्यातला एक रविवार औषधांच्या डब्यासाठी द्या. वाचन संपल्यावर प्रत्येक घराने आपला डबा आणावा. आशाताई किंवा नर्सताईंना बोलवा. दहावी-बारावीच्या मुलींनी तारखा वाचाव्यात. मुदत संपलेल्या बाजूला काढाव्यात, राहिलेल्यांवर सूर्य-चंद्राच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक घराची औषधाची जागा तिथेच ठरवावी. याला पैसा लागत नाही.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. कामकरी बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी तिथे मांडले, आणि त्याचा काही भार सरकारने उचलावा असेही म्हटले. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आज आपल्या लेकी-सुनांच्या हातात पडणारी लाल गोळी त्याच हक्काच्या वाटेने आली आहे. ती कुणाची मेहेरबानी नाही. म्हणून ती पत्र्याखाली भाजू द्यायची नाही, पावसात भिजू द्यायची नाही, लेकराच्या हाती लागू द्यायची नाही आणि डब्यात पडूनही राहू द्यायची नाही.

आज संध्याकाळी वंदना झाली की एवढे करा : घरातल्या सगळ्या गोळ्या एका ठिकाणी आणा, तारखा पाहा आणि त्यांना एक कायमची जागा द्या.

जयभीम.